सहा घमेल्यांतली वाळू

"हात पुढं करा बघू."

वाळूसायबांच्या लॅबमध्ये कुणीही पाऊल टाकलं की पहिलं वाक्य हे. नमस्काराला हात जोडलेले असले तर ते सोडवून एक हात पुढे करावाच लागे. मग ते बादलीतली मूठभर काळी, ओलसर वाळू उचलून तुमच्या तळहातावर ठेवत. "आवळा. आता सोडा. काय दिसतंय?" एकदा खंडेनवमीच्या पूजेला मालकांच्या मिसेस पैठणी नेसून आल्या होत्या. त्यांच्याही हातावर वाळू. त्यांनी मूठ आवळली, सोडली आणि गुरुजी हाका मारत असताना पाच मिनिटं त्या ढेकळाकडे बघत राहिल्या. पैठणीला डाग पडला तो वेगळाच.

शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री होती. म्हणजे फाउंड्री अजून आहे, मी तिथे नाही. लोखंड वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं आणि पंपाचे, ट्रॅक्टरचे भाग काढायचे, हे आमचं काम. साचा वाळूचा असल्यामुळे वाळू बिघडली की कास्टिंगला खड्डे पडतात आणि माल परत येतो. त्या वाळूची तपासणी करणाऱ्या लॅबचे हे प्रमुख. लॅब म्हणजे दहा बाय बाराची खोली, दोन यंत्रं, एक तराजू आणि हे. नाव-आडनाव होतं त्यांना, हजेरीपटावर मीच टाइप करायची. पण झाडूवाल्यापासून मालकापर्यंत सगळे म्हणायचे वाळूसायब. अंगानं किडकिडीत, शर्टाच्या खिशात दोऱ्यानं बांधलेलं भिंग, येणं-जाणं लुनावरून.

मी ऑफिसात टायपिस्ट. राहायला कसबा बावड्यात. आणि खरं सांगायचं तर जन्माची चौकस. कुणाच्या डब्यात काय आहे, कुणाची साडी कुठली, कोण कुणाशी बोलत नाही, हे मला कळल्याशिवाय जेवण जात नसे. त्यामुळे माझ्यासारखंच दुसरं कुणी भेटलं की मी लगेच ओळखते. तुम्हालाही माणसं न्याहाळायची खोड असेल तर पटेल, की चौकस माणसांत दोन जाती असतात. एक माझ्यासारखी, जिला उत्तर मिळालं की झालं. दुसरी वाळूसायबांसारखी, जिला उत्तर मिळाल्यावर खरा त्रास सुरू होतो.

त्यांचा ठरलेला शब्द होता, "कशावरनं?"

आज वाळू चांगली आहे. कशावरनं? मालक चिडलेत. कशावरनं? एकदा मी सहज म्हटलं, "आज चहात साखर कमी हाय." लगेच, "कशावरनं?" मला राग आला. म्हटलं, "जिभेवरनं, दुसरं कशावरनं?" त्यांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, "बरोबर हाय. पण तुम्ही आत्ताच चिक्की खाल्लीसा की, बाई. तुमची जीभ आज साक्षीला चालायची न्हाय." माझ्या टेबलाच्या खणातली चिक्की ह्या माणसाला कधी दिसली, मला आजतागायत कळलेलं नाही.

नव्वदनंतरची गोष्ट. आमचे मालक एक यंत्र बघायला अमेरिकेला गेले. तिकडच्या कंपनीच्या व्हरांड्यात त्यांना भिंतीवर फोटोंची रांग दिसली. सगळी तरुण काळी मुलं-मुली, पांढऱ्या कोटातली. हे कोण म्हणून विचारलं तर कळलं, काळ्या लोकांच्या मुलांनी शास्त्रात संशोधन करावं म्हणून कंपनी त्यांना फेलोशिप देते. एकेकाला सलग काही वर्षं सांभाळते. मालक माणूस हौशी. परत आल्यावर चहाच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणाले, "आपण का करायचं नाही? आपल्याकडं पण पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर उभी केलेली माणसं आहेतच की." आणि खरोखर केलं. कंपनीचा ट्रस्ट काढला. दलित आणि बौद्ध घरांतल्या मुलामुलींना विज्ञानात संशोधन करायला फेलोशिप. मुलाखत घेणार वाळूसायब. दर वर्षाच्या शेवटी अहवाल द्यायचा, वाळूसायब आणि मालक दोघांची सही झाली तरच पुढचं वर्ष. कागदपत्रं माझ्याकडे.

मला ते आवडलं नव्हतं. आता लपवून काय करू. माझ्या दिराचा मुलगा बी.एस्सी. झाला होता, त्याला का नाही, असं माझं म्हणणं. मी ते सरळ वाळूसायबांना जाऊन विचारलं. ते स्वतः बौद्ध, म्हटलं बघू काय बोलतात. रागावतील असं वाटलं होतं. ते भिंग पुसत म्हणाले, "बाई, शाळेत असताना शास्त्राचा तास असायचा. निळा लिटमस कागद आम्लात बुडवला की लाल होतो, ते मास्तर करून दाखवायचे. सगळी पोरं टेबलाभोवती. मी दारात. आत यायची परवानगी न्हवती. मास्तर म्हणायचे, लाल झाला, लिही. मी दारातनं विचारायचो, कशावरनं?"

"मग?"

"मग काय. मार खायचो. पण मला दिसतच न्हवतं, तर लिहू कसा?"

त्यांनी हे इतक्या साधेपणानं सांगितलं, जणू लुना पंक्चर झाल्याचं सांगताहेत. त्यांनी कागद लाल होताना पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजात गेल्यावर. बी.एस्सी. पहिल्या वर्गात झाले. पुढे संशोधन करायचं होतं, पण घरात धाकटी चार भावंडं होती आणि नोकरी धरावी लागली. मी ऑफिसात परत आले. मला माझी लाज वाटली. आणि तेव्हा डोक्यात आलं, की हा माणूस येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आधी वाळू का देतो.

मालकांनी अमेरिकेहून त्या फेलोशिपचं एक माहितीपत्रक आणलं होतं. त्याच्यावर चष्मा घातलेल्या एका काळ्या मुलीचा फोटो होता. हातात काचेची बाटली, डोळे बाटलीवर. वाळूसायबांनी तो फोटो कापून लॅबच्या भिंतीवर चिकटवला आणि रोज त्याच्यासमोर उभं राहून म्हणायला लागले, "हिनं काय शोधलं असंल?" आठवडाभर ऐकून मीच कंटाळले. म्हटलं, विचारू या की. मी इंग्रजीत पत्र टाइप केलं: आम्ही कोल्हापूरची फाउंड्री आहोत, कृपया फोटोतल्या बाईंनी काय शोधलं ते कळवावं. त्यांना पत्रातून मूठभर वाळू पाठवायची होती. मी नाही म्हटलं. तरी घडीत चिमूटभर घातलीच.

चार-पाच महिन्यांनी उत्तर आलं. त्या मुलीनं स्वतः लिहिलेलं. मी त्यांना मराठीत सांगितलं. लोखंडाला गंज चढू नये म्हणून एक लेप शोधायचा, हे तिचं काम होतं. दोन वर्षं खपून लेप काही धरला नाही. तिनं तसं अहवालात लिहून टाकलं आणि सामान बांधायला घेतलं, कारण आता फेलोशिप बंद होणार असं तिला वाटलं. पण कंपनीनं तिसरं वर्ष दिलं. आता लेप का धरत नाही तेच ती शोधत होती. शेवटी विचारलं होतं, तुमची वाळू काळी का?

वाळूसायबांचा आनंद बघण्यासारखा होता. "बघा, बाई. हिचंबी चुकलं. आणि हिनं लिहिलं." वाळूत कोळशाची पूड असते म्हणून ती काळी, असं तीन पानी उत्तर त्यांनी माझ्याकडून टाइप करून घेतलं. तिचं पत्र फोटोखाली टाचणीनं लावलं.

आता राखेचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. बावड्याच्या साखर कारखान्यात उसाचं चिपाड जाळतात. हंगामात त्याची राख उडून आमच्या दोऱ्यांवरच्या कपड्यांवर बसते आणि आमच्या सासूबाई सकाळपासून कारखान्याचा उद्धार करतात. तीच राख वाळूसायब वाळूत मिसळत. म्हणजे मी कंपनीत येण्याच्या आधीपासून. त्यांच्या वह्या होत्या, अठरा वर्षांच्या. ज्या दिवशी राख घातली, त्या दिवशी खराब माल कमी. वह्या खोट्या नव्हत्या; परत आलेले नग मीही मोजलेले आहेत. राखेची वाळू आणि साधी वाळू मी नुसत्या मुठीनं ओळखतो, असंही ते म्हणायचे. मालक प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमच्या वाळूत एक गुपित आहे." मी स्वतः टिफिनच्या रिकाम्या डब्यात त्यांना राख नेऊन दिली आहे. बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, भाजी कसली? म्हटलं, बघू नका.

एवढ्या वर्षांत त्यांच्या स्वतःच्या नावाचा असा तो एकच शोध होता. लॅबच्या कोपऱ्यात राखेचं पोतं असायचं आणि दुपारी ते त्या पोत्यावर बसूनच डबा खायचे.

मुलाखतीला मुलं यायची, इस्त्री केलेले कपडे घालून, प्रमाणपत्रांची फाइल पोटाशी धरून. वाळूसायब म्हणायचे, "हात पुढं करा." मुलगा मूठ सोडून घाबरत सांगायचा, "सर, एसआयओटू." "ते पुस्तकात दिसतंय. हातात काय दिसतंय?" मुलगा फाइल चाळायला लागायचा.

सुजाता आली ती कागलजवळच्या एका गावातून. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली, वडील गवंडी. तिनं मूठ आवळली, सोडली, वाळूचा गोळा डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, "माझी चार बोटं दिसत्यात, सर. करंगळीचा ठसा कच्चा हाय. म्हणजे मी करंगळीत जोर लावला न्हाय. आणि आमच्या वडलांची वाळू अशी चिकटत न्हाय."

वाळूसायब खुर्चीत पुढे सरकले. हुरूप आला त्यांना. मग राखेबद्दल सांगायला लागले. वह्या उघडल्या, आकडे दाखवले. सुजातानं सगळं ऐकून घेतलं आणि अगदी नम्रपणे विचारलं, "पण सर, हे राखेमुळंच होतंय, कशावरनं?"

मुलाखतीची टिपणं घेता घेता माझं पेन थांबलं. ह्या माणसाला त्याचाच शब्द परत करणारं तोवर कुणी भेटलं नव्हतं. वाळूसायबांनी वह्या मिटल्या. मग हसले आणि मला म्हणाले, "बाई, बाकीच्यांना जायला सांगा. चहा द्या त्यांना."

तर सुजाताला फेलोशिप मिळाली आणि विषयही तोच मिळाला: राखेचा वाळूवर परिणाम. विद्यापीठातल्या तिच्या गाईडनी मान्य केला. पोरगी मला काकी म्हणायची. घरचं सगळं सांगायची. वडील शिकू देत होते, पण तिच्यासाठी एक स्थळ येऊन बसलं होतं. वडलांनी सांगून ठेवलं होतं, कंपनीनं शेवटचं, तिसरं वर्ष दिलं तर पीएच.डी. पुरी कर, नाही दिलं तर मी त्या लोकांना किती दिवस थांबवू? तिसऱ्या वर्षाच्या सहीवर तिचं सगळं अडलेलं होतं. ते तिला माहीत होतं, मला माहीत होतं, वाळूसायबांनाही माहीत होतं.

दुसऱ्या वर्षात तिचा चेहरा उतरायला लागला. विद्यापीठाच्या लॅबमध्ये ती राख घालून आणि राख न घालता वाळूचे नमुने करायची; फरकच पडत नव्हता. आमच्या वह्यांत मात्र फरक स्पष्ट. मग तिनं ठरवलं, वाळू जिथे बनते तिथे जाऊन बसायचं. आमच्याकडे वाळू एका मोठ्या मिक्सरमध्ये फिरवून तयार होते. त्याच्याजवळ स्टूल टाकून ही तीन आठवडे बसली. हातात वही आणि घड्याळ. कामगार गमतीनं म्हणायचे, "पावणं, गाडी किती वाजता हाय तुमची?" ती हसायची, लिहायची.

मी चहा घेऊन जायची, खरं तर बघायला जायची. मला फक्त एवढंच दिसायचं, की राखेच्या दिवशी वाळूसायब स्वतः मिक्सरपाशी येऊन उभे राहतात. राख गोळा होऊन बसते, नीट मिसळली पाहिजे, हा त्यांचा घोर. मिक्सर थांबवायला ऑपरेटर हात पुढे करी. हे आत हात घालून मूठ काढायचे, आवळायचे, बघायचे आणि म्हणायचे, "अजून जरा फिरू दे." पुन्हा मूठ. "अजून जरा." मी शंभरदा पाहिलं असेल ते. त्यात बघण्यासारखं काय आहे, असं मला वाटायचं.

सुजातानं ते घड्याळ लावून पाहिलं होतं.

अहवाल टाइप करायला ती माझ्याकडे आली. मी दोन पानं बडवली आणि तिसऱ्यावर थांबले. राख नसलेल्या दिवशी मिक्सर चार मिनिटं फिरतो. राखेच्या दिवशी सात. राख घालूनही चारच मिनिटं फिरवलं तर काही उपयोग नाही. राख न घालता सात मिनिटं फिरवलं तर तेवढीच चांगली वाळू. खाली एक ओळ: राखेचा परिणाम आढळला नाही.

"अगं, हे असंच टाइप करू?"

तिनं मान हलवली.

"त्यांची अठरा वर्षं हायत त्यात. मालक जगाला सांगत फिरलेत. आणि सही त्या दोघांचीच लागती तुला. असं लिही की, राखेचा थोडाफार उपयोग होतो. थोडाफार म्हटलं की कुणाचं काही बिघडत न्हाय. तिसऱ्या वर्षात काय ते खरं लिही."

मी वाईट हेतूनं सांगितलं नव्हतं. संसार केलेली बाई जे सांगेल तेच सांगितलं. सुजाता रडवेली झाली. बराच वेळ पदराशी, म्हणजे ओढणीशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "काकी, थोडाफार लिहिलं तर सर विचारतील, कशावरनं. तेव्हा काय सांगू?" आणि थोड्या वेळानं, "ते अमेरिकेतल्या बाईंचं पत्र सरांनी भिंतीवर कशाला लावलंय?"

मी टाइप केलं. जसंच्या तसं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला वाळूसायबांनी तो अहवाल वाचला. मालक तिथेच बसले होते, कारण सह्या त्याच दिवशी व्हायच्या होत्या. सुजाता दाराजवळ उभी. मी कपाटाला टेकून. वाळूसायबांनी तिसरं पान दोनदा वाचलं. भिंग काढलं, पुसलं, पुन्हा खिशात ठेवलं.

मालकांनी पान ओढून घेतलं. वाचता वाचता त्यांचा आवाज चढला. "राखेत काही नाही? दोन वर्षं सांभाळून पोरगी हे सांगती? मग तिसरं वर्ष कशाला पाहिजे हिला? हिचंच काहीतरी चुकलं असणार."

"असंल," वाळूसायब म्हणाले. "बघू या की." आणि ते उठले.

त्यांनी सहा घमेली मागवली. सुजाताला सांगितलं, तीनांत राखेची वाळू भर, तीनांत बिनराखेची, सगळी सात मिनिटं फिरवलेली. कुठल्या घमेल्यात काय, ते चिठ्ठीवर लिहून बाईंकडे दे. मला सांगू नका. मग ते बाहेर पाठ करून उभे राहिले. तासाभरानं घमेली लॅबच्या फरशीवर ओळीनं मांडली गेली. सगळी सारखीच काळी. चिठ्ठी माझ्या मुठीत. दारात कामगार जमले होते.

वाळूसायब उकिडवे बसले. पहिल्या घमेल्यातली मूठ आवळली, सोडली, अंगठ्यानं गोळा मोडून कडा पाहिली. "राख हाय." मी चिठ्ठी बघितली. बरोबर होतं. माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच लक्षात आलं की हे बरोबर आले तर सुजाता गेली. कुणाच्या बाजूनं देवाला हात जोडावे, तेच कळेना.

दुसरं घमेलं. "न्हाय." चुकलं. तिसरं, "हाय." चुकलं. चौथ्याला त्यांनी तीनदा मूठ घेतली. "हाय." बरोबर. पाचवं बरोबर, सहावं चुकलं.

"किती, बाई?"

"तीन बरोबर." मी चिठ्ठी पुन्हा बघितली. "तीन चुकली."

"म्हणजे छापा-काटा," ते म्हणाले आणि गुडघ्यावर हात ठेवून उठले. "पोरीचं चुकलं न्हाय, साहेब. माझं चुकलंय."

मालक गडबडले. त्यांना ह्या माणसाबद्दल खरी माया होती. "अहो, हातानं नसेल कळत. वह्या आहेत ना तुमच्या."

"वह्यांत मी राख लिहिली. वेळ लिहिलाच न्हाय. माझ्या कधी डोक्यातच आलं न्हाय की मी थांबतोय, ते बी मोजायला पाहिजे." त्यांनी काळ्या हातानंच पेन घेतलं, अहवालावर सही केली आणि कागद मालकांपुढे सरकवला.

मालकांनी पेन घेतलं नाही. "आता मी गिऱ्हाइकांना काय सांगू? आणि हिचं बरोबर, कशावरनं?"

आयुष्यात पहिल्यांदा मालकांच्या तोंडून तो शब्द आला. वाळूसायबांनी फरशीवरच्या घमेल्यांकडे बोट केलं. "ह्याच्यावरनं. साहेब, तुम्ही अमेरिकेतनं नुसता फोटो आणला न्हाईसा. त्या लोकांनी चुकलेल्या कामाला तिसरं वर्ष दिलं. हिचं तर बरोबर आलंय."

मालकांनी सही केली. सुजाता पाया पडायला वाकली तर वाळूसायबांनी तिला मधेच धरून उभं केलं. तिच्या पिवळ्या बाहीवर पाच काळी बोटं उमटली.

दुपारी मी लॅबमध्ये डोकावले. ते राखेच्या पोत्यावर बसले होते, डबा मांडीवर.

"वाईट वाटतंय का?" मी विचारलं.

"कशावरनं?"

"डब्यावरनं. झाकण अजून उघडलं न्हाय तुम्ही."

ते हसले नाहीत. "व्हय, बाई. वाटतंय. मला वाटायचं, मी एक तरी काहीतरी शोधलंय."

मला भडभडून आलं. मी म्हटलं, "माल तर चांगला यायचाच की. तुम्ही मिक्सरपाशी उभं राहायचा म्हणून यायचा. राख न्हाय तर न्हाय, तुम्ही तर होता."

"उभं राहणं म्हणजे शोध न्हवं," ते म्हणाले. मग डब्याचं झाकण उघडलं, पहिला घास घेतला आणि तो तोंडात असतानाच म्हणाले, "पण बाई, तीन मिनिटं जास्त फिरवलं की नेमकं होतं काय? सुजाता गेली का हो? बोलवा तिला."

तिसऱ्या वर्षी सुजातानं तेच शोधलं. वाळूच्या प्रत्येक कणाला चिकणमातीचा पातळ थर बसायला वेळ लागतो, तो चार मिनिटांत बसत नाही, असं काहीतरी. प्रबंध मीच टाइप केला आहे, तरी ह्याहून जास्त मला सांगता येणार नाही. ती डॉक्टर झाली आणि पुण्याच्या एका प्रयोगशाळेत लागली. वाळूसायबांनी भिंतीवर त्या अमेरिकन मुलीशेजारी सुजाताचा फोटो लावला. पदवीचा काळा गाऊन घातलेला नाही; मिक्सरजवळ स्टुलावर बसून घड्याळ बघतानाचा. आणि अमेरिकेला पत्र गेलं: आमचंही चुकलं, आणि आम्हीही लिहिलं.

मालकांनी मिक्सरला टायमर बसवून घेतला. सात मिनिटं झाली की बेल वाजून मिक्सर आपोआप बंद. आता तिथे कुणी थांबायची गरज नव्हती. तरी वाळूसायब जाऊन उभे राहायचे, आता रोजच. ऑपरेटर म्हणायचा, "सायब, टायमर हाय की आता." ते मनगटावरचं घड्याळ पुढे करून म्हणायचे, "बरोबर चालतोय, कशावरनं?" निवृत्त होईपर्यंत त्यांनी हा क्रम सोडला नाही. राखेचं पोतं मात्र परत भरलं नाही. उरलेली राख घरी नेऊन त्यांनी गुलाबांना घातली आणि मला बजावलं, फुलं चांगली आली तर राखेमुळं आली असं कुणाला सांगू नका.

निवृत्तीनंतर चार वर्षांनी ते गेले. आजार थोडक्यातच आटपला. सुजाता पुण्याहून आली होती. ती रडली, मीही रडले, आणि मालक इतके रडले की त्यांच्या ड्रायव्हरनं त्यांना धरून गाडीत बसवलं.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांचा निरोप घेत मिक्सरपाशी गेले. जेवणाची सुट्टी होती. ऑपरेटर जागेवर नव्हता, मिक्सर एकटाच फिरत होता. मी घड्याळ लावून थांबले. सवय लागली होती ना त्यांच्यामुळे. बरोबर सात मिनिटांनी बेल वाजली आणि मिक्सर थांबला. वाळू चांगली झाली होती, मी मुठीत घेऊन पाहिली. मिक्सरच्या डाव्या अंगाला, ते उभे असायचे तिथली फरशी पूर्वी कायम मोकळी असायची, पायांमुळे. आता तिथे घोटाभर वाळू साचली होती.